वॅटमापकाचा काटा

वाफेचे एंजिन विकावयास निघालेल्या जेम्स वॅटला गिऱ्हाइके एकच प्रश्न विचारीत: हे यंत्र किती घोड्यांचे काम करील? त्या काळी इंग्लंडातील गिरण्यांतून आणि बिअर गाळण्याच्या कारखान्यांतून घोडे जुंपून चाके फिरवीत असत. तेव्हा प्रश्न रास्तच होता. वॅटने हिशेब मांडला आणि एका घोड्याची शक्ती मिनिटाला ३३,००० फूट-पौंड इतकी ठरविली. सामान्य घोड्याच्या मानाने हा आकडा थोडा सढळच होता. पण त्यामुळे वॅटचे एंजिन घेणाऱ्याला फसल्यासारखे वाटण्याचा संभव राहिला नाही. शक्तीच्या मोजमापाचा जन्म असा बाजारात झाला. मोजणारा आणि विश्वास ठेवणारा असे दोन पक्ष त्यात पहिल्यापासून आहेत, आणि ही गोष्ट पुढील सर्व हकीगतीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वॅट १८१९ साली निवर्तला. विजेशी त्याच्या धंद्याचा काही संबंध नव्हता. तरीही १८८२ साली साऊदॅम्प्टन येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना विल्यम सीमेन्स यांनी विद्युत्शक्तीच्या एककाला वॅटचे नाव द्यावे अशी सूचना केली. एक व्होल्ट दाबाखाली एक अँपिअर प्रवाह वाहू लागला म्हणजे जी शक्ती खर्च होते ती एक वॅट. १८८९ साली पॅरिसच्या परिषदेने हे नाव मान्य केले. जुना घोडा या नव्या हिशेबात ७४६ वॅटांचा भरला.

ही शक्ती मोजणारे यंत्रही त्याच सुमारास तयार झाले होते. त्याची रचना मोठी सुबक आहे. एक गुंडाळी स्थिर आणि दुसरी फिरती. एकीतून प्रवाह जातो, दुसरीवर दाब लादलेला असतो. दोघींच्या परस्पर ओढीने काटा सरकतो आणि दाब गुणिले प्रवाह हा गुणाकार आपोआप तबकडीवर उमटतो. घरोघरी येणाऱ्या विजेसाठी हा वॅटमापक उत्तम काम देतो. पण ज्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा नव्हे, तर दहा लाख किंवा कोटी वेळा बदलते, तिच्यापुढे तो हतबल होतो. इतक्या जलद आंदोलनांना त्या गुंडाळ्याच अडथळा होऊन बसतात. रेडिओच्या आरंभकाळात प्रेषक चालविणाऱ्या माणसापुढे ही अडचण होती. आपल्या एरिअलमधून खरोखर काय बाहेर पडते आहे, हे त्याला कळावे कसे?

तोडगा उष्णतेने दिला. प्रवाह कोणत्याही दिशेने आणि कितीही वेळा वळो, तारेतून गेला की ती तापते. तापली की लांबते. बारीक तार ताणून बसवावयाची, तिला रेशमाचा धागा बांधून तो एका चिमुकल्या कप्पीवरून काट्याशी न्यावयाचा, आणि तार सैल पडली की काटा वळेल अशी योजना करावयाची. हा तप्ततार अँपिअरमापक एरिअलच्या मुळाशी बसवीत. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या हौशी केंद्रांत मोरस-कळीइतकाच मान या मापकाला होता. काट्याने अर्धा अँपिअर अधिक दाखविला, की तो केंद्रचालक ती वार्ता मित्रमंडळींना मोठ्या अभिमानाने कळवी.

या अभिमानात एक गोम होती. अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत. शक्ती काढावयाची तर प्रवाहाचा वर्ग करून त्याला एरिअलच्या रोधाने गुणावे लागते, आणि तो रोध बहुतेकांना ठाऊकच नसे. तरंगलांबीच्या मानाने आखूड असलेल्या एरिअलचा प्रारण-रोध फार थोडा असतो. त्यामुळे तिच्या मुळाशी प्रवाह भरपूर वाहतो, परंतु त्यातील मोठा भाग जमिनीच्या आणि तारेच्या रोधात केवळ उष्णता होऊन जातो. काटा पार उजवीकडे जाई आणि आकाशात मात्र फारसे काही जात नसे. उलट चांगल्या उंच एरिअलवर काटा कमी हले, आणि हाक मात्र दूरवर पोहोचे. एखाद्या उपकरणाला आपण जे विचारलेच नाही त्याचे उत्तर समजून त्याचे वाचन करण्याचा हा प्रकार होय. रेडिओच्या इतिहासात तो वारंवार, नवनव्या रूपांत भेटतो.

अमेरिकेत हौशी लोकांच्या या उद्योगात सरकारने हात घातला तो १९१२ साली. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि बिनतारी संदेशवहनातील गोंधळाकडे सर्वांचे लक्ष वेधले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील कायद्याने हौशी केंद्रांना २०० मीटरांहून अधिक तरंगलांबी वापरण्यास बंदी केली आणि त्यांच्या शक्तीवर एक किलोवॅटची मर्यादा घातली. ही मर्यादा एरिअलमधून बाहेर पडणाऱ्या शक्तीवर नव्हती, तर ठिणगीयंत्राच्या रोहित्रात शिरणाऱ्या शक्तीवर होती, हा तपशील महत्त्वाचा आहे. मला यात कायदा करणाऱ्यांचा व्यवहारीपणा दिसतो. आत जाणारी वीज साध्या वॅटमापकाने मोजता येत होती. बाहेर पडणारी वीज विश्वासाने मोजण्याचे साधन कोणाजवळच नव्हते. जे मोजता येत नाही त्याच्यावर कायदा करून काय उपयोग?

शिवाय प्रत्येक पोराच्या माळ्यावरील केंद्रात जाऊन मापक तपासण्याइतके निरीक्षक कोणत्याही सरकारजवळ नसतात. म्हणजे मर्यादा सरकारने घालावयाची आणि मोजमाप ज्याच्यावर मर्यादा आहे त्यानेच करावयाचे, अशी ही व्यवस्था झाली. नागरिकावर टाकलेला असा विश्वास कायद्याच्या पुस्तकात फार ठिकाणी सापडत नाही. तो विश्वास काढून घेणेही सोपे होते. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरताच तेथील सर्व हौशी केंद्रे बंद करण्यात आली आणि १९१९ पर्यंत ती मुकी राहिली.

दोनशे मीटरांखालील लहरी त्या काळी टाकाऊ समजल्या जात. हौशी लोकांना पडीक जमीन देऊन टाकावी त्याप्रमाणे त्या दिल्या गेल्या, आणि त्याच जमिनीत पीक आले. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी संघटनेने पॉल गॉडली यांस स्कॉटलंडला पाठविले. आर्ड्रोसन येथे समुद्रकाठच्या एका शेतात तंबू ठोकून आणि शेकडो फूट लांबीची एरिअल-तार जमिनीला समांतर ताणून, थंडीपावसात ते रात्रीच्या रात्री ऐकत बसले. कनेटिकटमधील ग्रिनिच येथून एक किलोवॅटच्या मर्यादेत चाललेल्या केंद्राचा संदेश त्यांना अटलांटिक ओलांडून ऐकू आला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९२३ मध्ये, फ्रान्समधील लेओं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी शंभर मीटरांच्या आसपासच्या लहरीवर अटलांटिकपार दोन्ही बाजूंनी संभाषण केले. मोठमोठ्या कंपन्यांनी शेकडो किलोवॅट आणि हजारो मीटरांच्या लहरी वापरून जे साधले होते, ते आता घरगुती सामग्रीवर होऊ लागले.

आणि मग १८ ऑक्टोबर १९२४ हा दिवस उजाडला. लंडनजवळच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने न्यूझीलंडमधील फ्रँक बेल या मेंढपाळ शेतकऱ्याशी शाळेच्या केंद्रावरून संपर्क साधला. पृथ्वीच्या पाठीवर याहून फार लांबचे अंतर काढणे शक्यच नाही.

या गॉयडरचे पुढे काय झाले हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९३६ साली ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’चे नाव बदलून ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले, आणि त्याच वर्षी त्याचा मुख्य अभियंता म्हणून जो तरुण इंग्लंडहून येथे आला तो हाच सी. डब्ल्यू. गॉयडर. एवढ्या विस्तीर्ण देशाला मध्यम लहरींच्या मोजक्या केंद्रांनी पुरे पडावयाचे नव्हते. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे दहा-दहा किलोवॅटचे लघुलहरी प्रेषक उभे राहिले, तेव्हा दूर अंतरावर लघुलहर काय करू शकते हे ज्याने शाळेच्या खोलीत अनुभवले होते तोच माणूस त्या कामावर होता. नभोवाणीच्या व्यासपीठावरून हौशी रेडिओविषयी बोलणे म्हणजे एका अर्थी घरच्याच माणसाविषयी बोलणे होय.

तथापि हेच ऑल इंडिया रेडिओ गॉयडरच्या हाताखाली वाढत असताना, १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच, हिंदुस्थानातील हौशी मंडळींना आपले प्रेषक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी हुकूम मिळाले. १९४२ च्या चळवळीत मुंबईहून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ज्या ‘काँग्रेस रेडिओ’वरून बोलत होते, त्याचा प्रेषक जुळविण्यात नरिमन प्रिंटर यांचे हौशी रेडिओचे ज्ञान कामी आले होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते केंद्र गाठले. आपल्या येथे परवान्याचा विश्वास पुन्हा रुजावयास युद्धाचा शेवट व्हावा लागला. १९४८ साली महू येथील सिग्नल स्कूलमध्ये हौशी रेडिओची देशव्यापी संघटना स्थापन झाली.

या मधल्या काळात मापनाची तऱ्हा बदलली होती. ठिणगीयंत्र गेले, निर्वात नलिका आली. नलिकेच्या धनाग्रावर किती व्होल्ट आहेत आणि त्यातून किती मिलिअँपिअर वाहतात हे दोन साध्या मापकांनी कळते. त्यांचा गुणाकार म्हणजे प्रेषकाला दिलेली शक्ती. हजार व्होल्ट आणि शंभर मिलिअँपिअर म्हणजे शंभर वॅट. त्यातले साठ-सत्तर वॅट एरिअलकडे जात आणि उरलेले नलिकेला तापवीत. धनाग्र लालबुंद झाले की काहीतरी बिनसले आहे हे मापकाशिवायही कळे. बाहेर काय जाते हे पाहण्यासाठी मात्र विजेरीचा दिवा एरिअलच्या वाटेत जोडून त्याच्या उजेडावरून अंदाज बांधणारे कित्येक जण होते. अमेरिकेत तर ‘आत जाणारे एक हजार वॅट’ ही मर्यादा १९८३ पर्यंत कायम राहिली.

महायुद्धानंतर सैन्याची शिल्लक सामग्री बाजारात आली आणि तिच्याबरोबर को-ॲक्सिअल तार हौशी केंद्रांत शिरली. मधोमध एक तार, भोवती विद्युत्-रोधक थर, त्यावर तांब्याची जाळी आणि वर काळे आवरण. ही तार भिंतीतून, पाण्याच्या नळाशेजारून, कशीही नेता येते. प्रेषकाने तिच्यात ओतलेली शक्ती एरिअलपर्यंत जाते. पण एरिअलचा रोध तारेच्या स्वभावाशी जुळला नाही तर तिच्यातील काही भाग परत फिरतो. खुंटीला बांधलेल्या दोराचे मोकळे टोक झटकले असता लाट खुंटीपर्यंत जाऊन उलटी येते, तसेच हे आहे. जाणारी आणि येणारी लाट मिळून तारेवर ठिकठिकाणी उंचवटे आणि खळगे तयार होतात. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट लेखर यांनी १८९० च्या सुमारास दोन समांतर तारांवर हे उंचवटे आणि खळगे शोधून तरंगलांबी मोजली होती. साठ वर्षांनी तीच गोष्ट हौशी केंद्राच्या टेबलावर आली.

एकाच तारेत एकाच वेळी जाणारी आणि येणारी शक्ती वेगवेगळी कशी मोजावी? उत्तर असे: जाणाऱ्या लाटेत दाब आणि प्रवाह एकमेकांच्या जोडीने चालतात, उलट येणाऱ्या लाटेत प्रवाहाची दिशा फिरलेली असते. तारेवरील दाबाचा एक किंचित नमुना आणि प्रवाहाचा एक किंचित नमुना घेऊन त्यांची बेरीज केली तर परतीची लाट हिशेबातून गळते. वजाबाकी केली तर जाणारी गळते. १९५० नंतरच्या दशकात या तत्त्वावरील उपकरणे सर्वत्र पसरली. क्लीव्हलंडच्या बर्ड कंपनीच्या मापकात एक वाटोळा घटक बसतो, त्यावर बाण कोरलेला असतो. बाण एरिअलकडे केला की जाणारे वॅट दिसतात, अर्ध्या वळशाने प्रेषकाकडे फिरविला की परतणारे. कॉलिन्स रेडिओ कंपनीच्या वॉरन ब्रूनी यांनी एप्रिल १९५९ मध्ये ‘क्यू. एस. टी.’ मासिकात अशा मापकाचे अंतरंग उलगडून दाखविले आणि त्यांच्या मंडलाच्या नकला जगभर घरोघर तयार होऊ लागल्या.

आता हा काटा वाचावयाचा कसा? पहिली गोष्ट म्हणजे तबकडी पाहावी. वॅटमापकाच्या खुणा सारख्या अंतरावर नसतात. मूळ काटा दाबाच्या प्रमाणात हलतो आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे डाव्या टोकाला खुणांची दाटी होते. एकाच तबकडीवर तीन-तीन आकडेमाला असतात, आणि शंभर वॅटांचा घटक बसविला असता पंचवीसची माला वाचणारे लोक विरळ नाहीत. दुसरी गोष्ट अचूकतेची. चांगल्या मापकावर ‘पूर्ण तबकडीच्या पाच टक्के’ अशी हमी असते. पूर्ण तबकडी शंभर वॅटांची असेल तर ही चूक पाच वॅट, मग काटा नव्वदवर असो की वीसवर असो. म्हणजे वीस दिसतात तेथे पंधराही असतील, पंचवीसही असतील. दुकानदाराने छटाकभर केशर पायलीच्या मापाने मोजून द्यावे तसे ते आहे. परतणारी शक्ती तर स्वभावतः थोडी. ती मोठ्या घटकाने वाचून ‘काहीच परत येत नाही’ म्हणून समाधान मानणे हे अज्ञानच होय. त्यात आतील डायोड फार अल्प दाबाला दादच देत नाही, त्यामुळे काटा शून्यावर झोपून राहतो.

शंभर वॅट गेले आणि चार परत आले, तर दाबाच्या हिशेबाने एक पंचमांश लाट परतली आणि स्थितलहरीचे गुणोत्तर दीड झाले. पंचवीस परत आले तर अर्धी लाट परतली आणि गुणोत्तर तीन झाले. या गुणोत्तराने हौशी मंडळींची झोप जितकी उडविली तितकी दुसऱ्या कशानेही उडविली नसेल. परत आलेले पंचवीस वॅट प्रेषकात जाऊन जळतात, अशी समजूत दृढ झाली आणि ते गुणोत्तर एकावर आणण्यासाठी लोक एरिअल कापू-जोडू लागले. १९७३ पासून वॉल्टर मॅक्सवेल यांनी ‘क्यू. एस. टी.’मध्ये लेखमाला लिहून या समजुतीवर हल्ला चढविला. जुळणी नीट केली असेल तर परतलेली लाट पुन्हा एरिअलकडे वळविली जाते. नुकसान होते ते तारेतून जादा येरझारा घालताना जेवढे झिजते तेवढेच. आणि मापकावरील ‘जाणारे’ वॅट हे त्या फेरीतले वॅट धरूनच असतात. जाणाऱ्यांतून परतणारे वजा केले की तेथून पुढे सरकणारी खरी शक्ती मिळते. मॅक्सवेल यांचे म्हणणे मला मूलतः बरोबर वाटते. वाद मात्र अजून चालतो.

१९८३ साली अमेरिकेने आपली मर्यादा बदलली: आत जाणाऱ्या शक्तीऐवजी बाहेर पडणारी, आणि तीही ध्वनीच्या शिखराची, पंधराशे वॅट. सत्तर वर्षांनी कायदा अखेर एरिअलच्या बाजूला आला. येथे काट्याची नवी परीक्षा सुरू झाली. मानवी वाणी चढते, उतरते, थबकते. जड काटा तिच्यामागे धावू शकत नाही आणि सरासरीच्या आसपास रेंगाळतो. शंभर वॅटांच्या प्रेषकावर बोलताना काटा पंचवीस-तीसवर दिसतो आणि नवखा माणूस आवाज चढवून तो शंभरावर नेऊ पाहतो. शिखर तर केव्हाच गाठलेले असते. ओरडण्याने फक्त आवाज फाटतो आणि शेजारच्या लहरीवरील लोकांना उपद्रव होतो.

खरे पाहता वॅटांचा एवढा हव्यास असण्याचे कारण नाही. संकेतानुसार ग्राहकावरील संकेतबलाची एक पायरी चढावयास शक्ती चौपट करावी लागते. पंचवीस वॅटांचे शंभर केले तर ऐकणाऱ्याच्या काट्यावर एक पायरी, बस्स. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी मंडळींचे एक पथक पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानसारख्या दुर्मिळ ठिकाणाशी संपर्क साधण्याची संधी जगभरच्या केंद्रांना द्यावी, एवढाच हेतू. २६ डिसेंबरला भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. दूरध्वनी बंद पडले. तेव्हा त्याच केंद्राने खेळ बाजूला ठेवून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळविण्याचे काम हाती घेतले. अशा प्रसंगी वीज बेताची असते, आणि ती कोठे झिजते आहे हे ठाऊक असणे जीवनमरणाची गोष्ट ठरू शकते.

कोकणातल्या किंवा अंदमानातल्या पावसात को-ॲक्सिअल तारेच्या टोकातून पाणी आत शिरते, तांब्याची जाळी हिरवी पडते आणि तार शक्ती गिळू लागते. अशा वेळी मापक सर्वांत गोड खोटे बोलतो. समजा, तार एका फेरीत तीन चतुर्थांश शक्ती खाते. वर एरिअल वाऱ्याने पार तुटून पडली आहे. शंभर वॅट निघाले, पंचवीस वर पोहोचले, तेथून सगळे परतले आणि वाटेत पुन्हा झिजून सव्वासहा खाली आले. टेबलाजवळचा काटा सहा वॅटांच्या आसपास थांबतो, गुणोत्तर पावणेदोनच्याही आत येते, आणि केंद्रचालक म्हणतो, “ठीक चालले आहे.” म्हणून जाणता हौशी माणूस पावसाळ्याच्या आधी मापक घेऊन गच्चीवर जातो. एरिअल सोडवून तो तारेच्या वरच्या टोकाला तेलात बुडविलेला पन्नास ओहमांचा नकली भार जोडतो, एकदा प्रेषकाशेजारी आणि एकदा त्या टोकाशी काटा वाचतो, आणि दोन्ही आकडे तारखेसह केंद्राच्या नोंदवहीत लिहून ठेवतो. दिवाळीच्या सुमारास हेच वाचन पुन्हा करावयाचे असते.